साक्षीदाराचे मौन

साक्ष या शब्दाला आपल्या समाजात मोठे वजन आहे. निकाहाला साक्षीदार लागतात, कर्जाच्या कागदाला लागतात, ईदच्या चंद्रालाही लागतात. साक्षीदार 'हो' म्हणाला तर प्रश्न मिटतो. पण तो गप्प राहिला तर काय समजायचे? हा प्रश्न कोर्टकचेरीचा वाटतो. तो पदार्थविज्ञानातही तितकाच गंभीर आहे, आणि आम्हा शिक्षकांच्या वर्गातही.

घाटकोपर-मानखुर्दच्या पलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'ध्रुव' ही १०० मेगावॉटची अणुभट्टी १९८५ साली कार्यान्वित झाली. ती विजेसाठी नाही. तिच्यातून काढलेले न्यूट्रॉनचे झोत पदार्थांवर सोडतात आणि ते कोणत्या दिशेला, किती ऊर्जा गमावून विखुरले हे तपासतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पदार्थात खोल शिरतो. तो स्वतः एक बारीक चुंबक असतो, म्हणून आतल्या अणूंच्या चुंबकत्वाची खबर घेऊन बाहेर येतो. ही खबर एकट्या अणूची नसते. असंख्य अणू एकमेकांशी कसे वागतात, त्याची असते.

जगात अशाच प्रयोगांतून क्वांटम गुंतलेपणाचा माग काढला गेला आहे. या गोष्टीला श्रोडिंगर यांनी १९३५ साली नाव दिले. दोन कण असे जोडले जातात की जोडीची अवस्था पूर्ण ठाऊक असते, पण एकट्या कणाला स्वतःची अशी निश्चित दिशाच नसते. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी कसोटी शोधली आणि तिला नाव दिले 'साक्षीदार'. दोन शेजारी अणुचुंबक गुंतलेले नसतील, तर त्यांच्या परस्परसंबंधाचा आकडा, धन असो वा ऋण, पावाच्या (१/४) पुढे जाऊ शकत नाही. गुंतलेल्या एका विशिष्ट जोडीत तो पाऊण (३/४) होतो. विखुरलेल्या न्यूट्रॉनांवरून काढलेला आकडा ही हद्द ओलांडून गेला, की साक्ष पटली.

आणि नाही ओलांडली तर? इथेच विचार करण्यासारखी गोष्ट आहे. दुसरी एक जोडी अशी असते की ती पूर्ण गुंतलेली असूनही आकडा पावच दाखवते. एकाच दिशेला तोंड करून, पण अलग अलग उभ्या असलेल्या दोन चुंबकांचा आकडाही तोच. या कसोटीला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ 'गुंतलेपण नाही' असे लिहीत नाही. 'या साक्षीदाराला दिसले नाही' एवढेच लिहितो.

कॉपर नायट्रेट या निळ्या क्षाराची कथा तर अधिकच बोलकी आहे. त्याची चुंबकीय मोजमापे १९६३ साली छापून आली. न्यूट्रॉनांचे प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. २००६ साली ब्रुकनर, वेद्राल आणि झायलिंगर यांनी दोन्ही नोंदी पुन्हा तपासल्या. सुमारे ५ केल्व्हिनखाली, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सिअसच्या आसपास, या क्षारातले अणुचुंबक गुंतलेले असतात, अशी ग्वाही दोन्ही स्वतंत्र नोंदींनी दिली. म्हणजे पहिला साक्षीदार त्रेचाळीस वर्षे उभाच होता. त्याला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. परीक्षेची उत्तरपत्रिका हीही एक साक्षीदारच. मुलाने गणित बरोबर सोडवले, तर त्याला ते येते ही साक्ष झाली. पण कागद कोरा राहिला, की आपण लगेच म्हणतो, 'याच्या डोक्यात काही नाही.' तोच मुलगा अब्बांच्या गाड्यावर गिऱ्हाइकाला उरलेले पैसे तोंडी हिशेबाने परत देत असतो. घरची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी, फॉर्मवरची तिसरी. यांत साक्षीदार कुठे अडखळला, हे कोण तपासणार? मुलांवर बसलेला 'ढ' हा शिक्का पुष्कळदा साक्षीदाराच्या मौनावर मारलेला असतो.

कोणी म्हणेल, मग तर पुराव्याशिवाय काहीही खरे मानावे लागेल. तसे नाही. मौनाला 'हो' समजणे ही तितकीच मोठी चूक. शाळेला निकाल लावावाच लागतो. आभाळ भरलेले असले आणि चंद्र दिसला नाही, तर आपणही तीस दिवस पूर्ण करतो. पण म्हणून ढगांमागे चंद्र नव्हताच, असे आपल्यातले कोणी म्हणत नाही. व्यवहार ठरवणे वेगळे आणि सत्य ठरवणे वेगळे.

हा विवेक आपण चंद्राच्या बाबतीत पाळतो. माणसाच्या बाबतीत विसरतो. गुणपत्रिकेवर 'नापास' लिहिण्याचा अधिकार शिक्षकाला आहे. 'याला काही येत नाही' असे म्हणण्याआधी मात्र दुसरा साक्षीदार शोधणे, आणि पहिल्याला नवा प्रश्न विचारणे, हे त्याच्यावरचे कर्ज आहे.