बटण बंद केलं म्हणजे कूलर बंद झाला का?

खिडकीतल्या त्या कूलरकडे जरा बघ. मृग लागला, पाऊस पडला, रात्री पंख्यावर भागायला लागलं आणि बटण दाबून तू मोकळा झालास. आता जुलै संपत आला. टाकीत अजून वीतभर पाणी आहे, त्यावर हिरवा तवंग आहे. पंप त्यातच बुडालेला आहे. ताट्या कुजून काळ्या पडल्यात. आणि विचारलं की म्हणतोस, "सर, कूलर केव्हाच बंद केला." काय बंद केलंस? वारा बंद केलास. पाणी तसंच आहे.

तुला यातलं काही कळत नाही, हे मी मानणार नाही. मोटारसायकलचा प्लग तू स्वतः काढून घासतोस. ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडतोस. फवारणीचा पंप काम संपलं की धुऊनच ठेवतोस, कारण नाही धुतला तर पुढच्या वेळी अडतो हे तुला पक्कं ठाऊक आहे. मग घरातली एक टाकी रिकामी करायची वेळ आली की हात कुठे जातात? अडाण्यानं चूक केली तर त्याला समजावून सांगता येतं. तुला काय सांगायचं? तुला सगळं कळतं, फक्त वळत नाही.

आणि तुझ्या सबबी! एकेक काढू.

"पाणी आपोआप आटतं." आटतं ना. पण आटताना मागे काय ठेवून जातं? एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, टाकीच्या ओलसर भिंतीवर. अंडी तिथे चिकटून बसतात. पाणी आटलं तरी मरत नाहीत, महिनोन्महिने कोरडी तग धरतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतो. म्हणजे नुसतं पाणी ओतून दिलंस तरी काम अर्धंच झालं. भिंत घासायला हवी, खरखरीत ब्रशनं, चारही बाजूंनी. शाळेत डासाच्या अवस्था पाठ करून दहापैकी दहा मिळवलेस. ते गुण काय कामाचे?

"नगरपालिकावाले फवारणी करत नाहीत." धुराची फवारणी उडणाऱ्या डासासाठी असते. तुझ्या टाकीतल्या अळीला आणि भिंतीवरच्या अंड्याला ती पोचत नाही. शिवाय हा डास फार लांब जात नाही, बहुतेक शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. तुझ्या पोरीला दिवसाढवळ्या चावलेला डास हिंगणघाटहून आलेला नाही. तो तुझ्याच गल्लीत जन्मला, कदाचित तुझ्याच खिडकीत. बोट नगरपालिकेकडे दाखवण्याआधी ते टाकीत बुडवून बघ.

"मधेच ऊन पडतं, उकडतं, तेव्हा लागतो." पंखा म्हणून लाव, कोण नको म्हणतं? पण पंप कशाला? कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ होते म्हणून. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठक्क असते, म्हणून ताट्यांतून येणारा वारा गार लागतो. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते. मग वाफ कशी होणार? पंप लावलास तर खोलीतला दमटपणा वाढेल, अंग आणखी चिकचिकेल. हे तुला कळत नाही? कळतं. टाकी धुवायची नाही, म्हणून उकाडा पुढे करतोस.

"मेकॅनिक येत नाही." बूच काढायला मेकॅनिक? आपल्या याच वर्ध्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली. मुलांनी हातानं काम करत शिकावं, ही नई तालीमची गोष्ट इथून देशभर गेली. त्या गावचा पदवीधर तू, आणि पाणी सोडायला माणूस शोधतोस. लाज वाटू दे जरा.

स्वतःच्या हातानं टाकी रिकामी करणारी माणसं जगात आहेत. थंड देशांत छोट्या होड्यांचे मालक हिवाळ्याआधी होडीतल्या गोड्या पाण्याची टाकी, नळ्या, पंप सगळं रिकामं करतात. बरेच जण हे स्वतःच करतात. कारण पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप, पंप फोडतं. त्यांनी आळस केला तर वसंतात टाकी भरली की नळ्या पाझरायला लागतात. तुझं पाणी गोठत नाही, म्हणून तू निवांत आहेस. पण आळसाचे पैसे तूही भरतोसच. मार्चमध्ये पंप जाम. टाकीला गंजून भोकं. ताट्यांना वास. मग ऐन एप्रिलात दुकानापुढे रांगेत उभा राहतोस आणि महागाईच्या नावानं ओरडतोस. महागाईनं नाही गंजवला कूलर.

आता नीट ऐक. आणि "माहीत आहे सर" म्हणू नकोस.

पहिलं, प्लग सॉकेटमधून उपटून काढ. बटण बंद करणं पुरेसं नाही. पत्र्याचा कूलर, ओले हात आणि अर्थिंगचा पत्ता नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात याच्यापायी माणसं जातात, आणि तू अजून तिसरी पिन मोडलेला प्लग वापरतोस. तो आजच बदल.

वरच्या टाकीतून नळी येत असेल तर तिचा कॉक बंद कर, नळी सोडव, आतलं पाणी झटकून काढ. मग खालचं बूच काढ. कोपऱ्यात बोटभर पाणी उरेल, ते फडक्यानं टिपून घे. "एवढ्यानं काय होतं?" तेवढं अळीला पुरतं. गाळ काढ, भिंती घास, धू, पुन्हा रिकामी कर.

पंप बाहेर काढ. जाळी उघड, आतलं चाक साफ कर. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड, ते उडालं की क्षार मागे राहतात. तो पांढरा थर व्हिनेगरनं किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यानं सुटतो. ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची भोकंही त्या थरानंच बुजतात, ती सुईनं मोकळी कर. पंप पुसून, वाळवून घरात ठेव. गवताच्या ताट्या काढून टाक, पुढच्या वर्षी नव्या घाल. हनीकोंबच्या असतील तर धुऊन खडखडीत वाळव.

मग उघडीप बघून टाकी उन्हात उघडी ठेव. गंज दिसला तर घासून रेड ऑक्साइडचा हात मार. पूर्ण वाळल्यावरच झाकण घाल. ओल्या पत्र्यावर प्लास्टिक गुंडाळलंस तर गंजाला घर बांधून दिलंस. आणि कूलर बाहेर स्टँडवर राहणार असेल तर बूच लावूच नकोस, नाहीतर पावसाचं पाणी पुन्हा साचेल. बूच पंपाला बांधून ठेव, म्हणजे मार्चमध्ये शोधत फिरणार नाहीस.

झालं. एक सकाळ. दुपारच्या जेवणाआधी आटोपतं. वेळ नाही म्हणतोस? घरात कुणाला डेंग्यू झाला, सेवाग्रामच्या रुग्णालयात खाटेशेजारी बसून रोज प्लेटलेट्सचा आकडा विचारायची पाळी आली, तर तेव्हा दिवसच्या दिवस काढशीलच ना? तो वेळ कुठून येतो? आणि एकदा डेंग्यू होऊन गेला म्हणून सुटका नाही. त्याचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जिवावर बेतण्याचा धोका जास्त असतो. आई सत्तरीची आहे, पोरगी पहिलीत आहे. कुणाच्या जिवावर ही चालढकल चालली आहे?

तू कामाचा माणूस आहेस, म्हणूनच एवढं बोलतो. ज्याच्याकडून आशा नाही त्याला मी नमस्कार करून पुढे जातो. रविवारी कूलर धू. शेजारच्या म्हाताऱ्यांना खिडकीत चढवत नाही, त्यांचाही धुऊन दे. आणि मग मला सांग, कूलर बंद केला. तेव्हा मी मानेन.