जाणण्याचें मोल



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गांवांतील एक विधवा मावशी माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. कांद्याचीं रोपें लावितांना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा व शेजारचीं दोन बोटें बधिर होत, आणि रात्रीं मुंग्या येऊन झोंप मोडे. दोन महिन्यांपूर्वीं मींच त्यांस शहरांतील एका दवाखान्यांत पाठविलें होतें. तेथें त्यांस नसांची व स्नायूंची तपासणी करण्यास सांगण्यांत आलें. तीस चार हजार रुपये पडले, व त्यासाठीं त्यांनीं आपली दुभती शेळी विकली. आतां पिशवींतून तो अहवाल काढून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, कागद तर आला, पण हात बरा करावयास पैसे कोठून आणूं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनास टोंचीत आहे. तो असा कीं, आपला रोग काय आहे एवढें जाणण्यासाठीं रोग्यानें किती मोल द्यावें, व तें मोल घेणें केव्हां न्यायाचें ठरतें?

न्याय करावयाचा तर प्रथम दुसरी बाजू ऐकिली पाहिजे. या तपासणीचे बहुधा दोन भाग असतात. पहिल्यांत कातडीवर चकत्या चिकटवून नसेस विजेचा लहानसा झटका देतात, व संदेश किती वेगानें जातो हें मोजतात. निरोगी हातांत तो सेकंदास सुमारें पन्नास मीटर किंवा त्याहून अधिक धांवतो. नस दाबली गेली असेल तर तेथें मंदावतो. दुसऱ्या भागांत बारीक सुई स्नायूंत घालून त्यांतील विजेची हालचाल पाहतात. १९२९ सालीं एड्रियन व ब्रॉंक या शास्त्रज्ञांनीं अशा सुईची युक्ति काढिली. या कामास अर्धा-पाऊण तास किंवा अधिक वेळ लागतो, यंत्रास लाखों रुपये पडतात, आणि त्या रेषा वाचणाऱ्या तज्ज्ञाचीं कित्येक वर्षें अभ्यासांत गेलेलीं असतात. मजूर आपल्या घामाचें मोल घेतो, तसें वैद्यानेंही घ्यावें. त्यांत दोष नाहीं.

तपासणी निरुपयोगी आहे असेंही कोणीं समजूं नये. जानेवारी २०२५ मध्यें पुण्यांत सिंहगड रस्त्याच्या परिसरांत 'जीबीएस' नांवाच्या मज्जातंतूंच्या विकाराची सांथ आली. पायांतील शक्ति जाऊन कित्येकांस श्वासासाठीं यंत्र लावावें लागलें. अशा विकारांत नसांची तपासणी वैद्यास मोठें साहाय्य करिते. तेथें पैशाकडे पाहून विलंब करणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय.

मग अन्याय कोठें आहे? माझ्या मतें श्रमाचें मोल घेणें न्याय्य आहे; परंतु रोग्याच्या भयाचें व अज्ञानाचें मोल घेणें अन्याय आहे. बाजारांत आपण वांगीं घेतांना भाव करितों, चार ठिकाणीं विचारितों. आजारी मनुष्यास हें बळ नसतें. चिठ्ठींत लिहिलें तें तो करितो, कारण न केल्यास काय होईल हें त्यास ठाऊक नसतें. खासगी ठिकाणीं या एकाच तपासणीस कोठें दीड हजार, तर कोठें पांच हजार रुपये पडतात. २०२५–२६ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी दिवसास ३१२ रुपये होती. म्हणजे चार हजार रुपये ही जवळजवळ तेरा दिवसांची मजुरी झाली. धनवानास जी रक्कम किरकोळ वाटते, ती गरिबाच्या घरांतील औषधाचा सगळा पैसा असूं शकते. त्यांतच पाठविणाऱ्या डॉक्टरचा गुप्त वाटा, ज्यास लोक 'कट' म्हणतात, मिळाला असेल, तर तें मोल श्रमाचें राहत नाहीं. वैद्यांच्या आचारासंबंधींच्या २००२ सालच्या नियमांनीं असा वाटा घेण्यास मनाई केलेली आहे.

परंतु दुसऱ्यांचेच दोष काढून मला थांबतां येत नाहीं. मीं मावशींस "जा" म्हटलें. खर्च किती येईल हें विचारिलें नाहीं. गांवांतील ज्याच्या शब्दास लोक मान देतात, त्याच्या अविचाराचेंही मोल गरिबासच द्यावें लागतें. यासाठीं धर्मशिक्षकांनीं व वडीलधाऱ्यांनीं रोग्याबरोबर जावें, व नम्रपणें तीन प्रश्न विचारावे. पहिला: या तपासणीनें उपचारांत काय फरक पडेल? मनगटांत नस दाबल्याचें पुष्कळदां लक्षणांवरून व साध्या परीक्षेवरून समजतें; संशय असल्यास किंवा शस्त्रक्रिया करावयाची असल्यास तपासणी विशेष उपयोगी पडते. दुसरा: एकंदर खर्च किती, व पुढील उपचारास किती? तिसरा: हीच तपासणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत होईल काय? तेथें फी बहुधा पुष्कळ कमी असते.

कित्येकदां तर यंत्राच्या आधीं वैद्याचा हातच पुरतो. त्वचेवर बधिर चट्टा असेल व नस जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाचें निदान प्राथमिक आरोग्य केंद्रांत होऊं शकतें, आणि त्याचें औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतें. तसेंच १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यांत आले. ही माहिती न दिल्यानें किती शेळ्या, किती मंगळसूत्रें विकलीं गेलीं असतील!

पुढें मी मावशींबरोबर सरकारी रुग्णालयांत गेलों. तेथील डॉक्टरीणबाईंनीं तो अहवाल पाहिला, हात तपासला, व रात्रीं मनगटास बांधावयाची पट्टी दिली. आतां त्यांस झोंप लागते. हात पुरता बरा होईल कीं नाहीं तें पुढें दिसेल. शेळी मात्र परत आली नाहीं. मीं जो प्रश्न वेळेवर विचारिला नाहीं, त्याचें मोल त्यांनीं दिलें. वाचकांनीं तो प्रश्न आपल्या शेजाऱ्यासाठीं वेळेवर विचारावा, एवढीच माझी विनंति आहे.