आधी बोट, मग पाणी

हल्ली बऱ्याच घरांत खिडकीच्या कट्ट्यावर हाताने घडवलेल्या इवल्या कुंड्या दिसतात. त्यांत तितकीच इवली सक्युलंट्स. कुणाकडे पांढऱ्या पट्ट्यांची हॉवर्थिया, कुणाकडे जेड. जोडी जमवताना आपण आधी रंग बघतो. खरं तर आधी कुंडी उलटी करून बुडाला भोक आहे का ते बघावं. नसेल, तर कितीही देखणी असली तरी तिच्यात पेनं ठेवावीत! मग झिलई बघावी. बिनझिलईची तांबडी कुंडी माठासारखी पाझरते, तिच्यातली माती लवकर सुकते. चकचकीत झिलईची कुंडी ओल धरून ठेवते. तिला पाणी आणखी बेतानं.

हॉवर्थिया आणि जेड, दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली. पाण्याचा साठा पानांतच. दिवसा उन्हात ही झाडं पानांवरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्याला उघडतात, म्हणजे पाणी कमी उडतं. अशी काटकसरी झाडं आपल्या घरात दुर्लक्षानं सहसा मरत नाहीत. मरतात ती लाडानं. रोज चहाच्या वेळी आठवणीनं घातलेलं पाणी मुळं कुजवतं. पावसाळ्यात तर हवाच ओली असते, तेव्हा हात आणखी आखडता घ्यावा. पानाकडे नीट पाहिलं की कळतं. तहान लागली की ते जरासं सुरकुततं. पाणी जास्त झालं की पिवळट पडतं, बोटाला लिबलिबीत लागतं. म्हणून आधी बोट मातीत खुपसायचं. आतपर्यंत कोरडं लागलं, तरच पाणी.

घरातल्या माणसांच्या बाबतीत आपण इतकं थांबत नाही. मुलगी ऑफिसातून येते. चप्पल काढायच्या आत आपण सुरू होतो. उशीर का झाला, डबा खाल्लास का, उद्या लवकर निघ. माया असतेच, म्हणून तर एवढं सुचतं. पण तिला कदाचित दहा मिनिटं नुसतं पंख्याखाली बसायचं असतं. एकदा चेहरा बघितला, ‘काही हवंय का गं?’ एवढंच विचारलं, तर ती आपणहून सांगते.

आज संध्याकाळी कुणी दमून घरी आलं, तर सूचना ओठांवर आल्या तरी क्षणभर थांबून बघू. कधी कधी खरंच चहाच हवा असतो. मग मात्र आलं किसून, कपभर नाही, मगभर!