थेंबाचा हिशेब

‘चालत्या गाड्याला खीळ घालू नये’ असं आपल्याकडे सांगतात. सांगणारे बहुधा गाडीत नुसते झोपलेले असावेत. कारण आसाच्या टोकाला खीळ नसली, तर चाक एकटंच पुढं निघून जातं आणि गाडी मागं विचार करत बसते. तात्पर्य, म्हणी ऐकाव्यात. त्यांच्या भरवशावर गाडी हाकू नये.

हे तत्त्वज्ञान सुचायचं कारण म्हणजे आमच्या मेहुण्यांची जुनी जीप. तिचं मागचं डिफरन्शियल खलास झालं आणि मेहुण्यांनी सोलापूरहून भंगारातलं दुसरं आणलं, हौसिंगसकट. सध्या ते कळंबच्या एका गॅरेजात दोन ठोकळ्यांवर पहुडलं आहे. प्रश्न असा, की बसवण्याआधी त्याची ऑईल सीलं बदलायची, की नारळ फोडून आहे तसंच चढवायचं?

डिफरन्शियल म्हणजे काय हे ठाऊक नसणाऱ्यांनी लाजू नये; मीही बी. कॉम. आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. बैलगाडीची चाकं आसावर सुटी फिरतात, म्हणून तिथं भांडण नाही. मोटारीत दोघांनाही एकच इंजिन फिरवतं. तेव्हा ज्याला त्याला आपल्या चालीनं जाऊ देऊन वर कामालाही लावणारी ही मधली यंत्रणा. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या काकूच म्हणा ना! पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं ती 1820च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी काढली. आतली दातेरी चक्रं 90 नंबरच्या दाट तेलात फिरतात आणि ते तेल आत कोंडून ठेवतात रबरी ओठांच्या तीन कड्या : एक पुढं पिनियनपाशी, दोन चाकांकडच्या टोकांना.

मेहुणे म्हणतात, “दाजी, गळत नाही तर उगाच छेडायचं कशाला?”

मिस्त्री म्हणतात, “मालक, भंगारवाल्यानं तेल कधीच काढून घेतलंय. रिकामं मडकं गळत नाही म्हणून ते शाबूत म्हणायचं का?”

आम्हा हिशेबवाल्यांना शिकवलेलं असतं, की तोट्याचा नुसता वास आला तरी तरतूद करावी. नफा मात्र हातात पडल्यावरच मांडावा. बँकेत हप्ता 90 दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं. रबराला अशी मुदत नसते. ते उन्हात पडून गुपचूप कडक होतं आणि थकबाकी पहिल्या उतारावर समजते.

पण तरतुदीलाही खर्च असतो. पुढचं सील काढायचं तर पिनियनचा नट सोडावा लागतो. तो परत नेमका तेवढाच आवळला गेला नाही, तर बेअरिंगवरचा दाब बिघडतो आणि धडधाकट क्राऊन-पिनियन रडायला लागतं. काळजीपोटी बिघडवलेल्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या आहेत, मुलंही.

मग करावं काय? माझ्या मते, थेंब पडणार कुठं, एवढंच विचारावं. पुढचं सील गळलं तर थेंब जमिनीवर पडतो. तो सकाळी गाडीखाली दिसतो आणि खिसा मेहुण्यांचा हलका होतो. बाजूचं सील गळलं तर थेंब ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतो, लायनरवर चढतो आणि कुणाला दिसत नाही. चैत्री पौर्णिमेला हीच जीप येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जाते. मागच्या बाकावर आयाबाया, त्यांच्या मांडीवर पोरं. सीलाबद्दल त्यांचं मत कुणी विचारलेलं नसतं. स्वतःच्या जिवावर घेतली तर ती जोखीम. त्यांच्या जिवावर घेतली तर ती जामीनदाराला न विचारता त्याची सही ठोकून उचललेली उधारी.

म्हणून बाजूची दोन्ही सीलं नवी घाला. पुढचं कोरडं असेल आणि पिनियन हलत नसेल तर त्याला राहू द्या. आठवडाभर खाली पुठ्ठा टाकून पाहा. गळलंच तर ते हौसिंग न उतरवताही बदलता येतं. आणि हौसिंगचं हवेचं भोक आठवणीनं साफ करा. ते बुजलं, तर आत तापलेली हवा कोऱ्या सीलातूनही तेल बाहेर ढकलते. सतत तोंड दाबून धरलेला माणूसही असाच भलतीकडून गळतो.

मेहुण्यांना हे सगळं पटलं. प्रश्न फक्त सीलांच्या पैशांचा उरला. तोही त्यांनीच सोडवला.

“दाजी, वळणावर बाहेरच्यालाच जास्त पळावं लागतं ना? मग आमच्या घरात बाहेरचे तुम्हीच की!”