चुकलेलं साल, खरी साक्ष



आपल्या अभ्यासवर्गात एक सवाल वरचेवर येतो आणि आपण त्याला बगल देतो. आपला बराचसा इतिहास तोंडी आहे. ज्यांच्या हातात लेखणी येऊ दिली नाही त्यांचा इतिहास जिभेवरच राहणार. आणि जीभ चुकते. म्हातारा माणूस साल चुकतो, नाव चुकतो, ऐकलेलं ते पाहिलं म्हणून सांगतो. मग एखादा शिकलेला उठतो नि म्हणतो, कागद दाखवा. आपण चिडतो. पण चिडणं म्हणजे उत्तर नव्हे. चुकणाऱ्या आठवणीला साक्ष म्हणायचं की नाही, हा नीतीचा सवाल आहे. त्याला सरळ भिडलं पाहिजे.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू. जर्मनीत हेर्मान एबिंगहाऊसनं १८८५ साली स्मरणावरचं पुस्तक छापलं. प्रयोग करणारा तोच, ज्याच्यावर प्रयोग तोही तोच. अर्थ नसलेली अक्षरं जुळवायची, पाठ करायची, नि किती वेळानं किती उरलं ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत पाण्यात. मोजमाप चोख होतं. पण अर्थ त्यानं मुद्दाम बाहेर ठेवला होता. आपण तर अर्थासकट जगतो. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिलं. त्यात १९०१ सालचा मसूर स्टेशनपासूनचा बैलगाडीचा प्रवास आहे. भाडं दुप्पट, आणि वर ठरलं काय, तर पोरांनी गाडी हाकायची नि गाडीवानानं पायी चालायचं. डब्यात जेवण होतं, प्यायला पाणी मिळेना. मधे तीसहून जास्त वर्षं गेली होती. ती तहान एबिंगहाऊसच्या कुठल्या तक्त्यात बसवणार?

मग इंग्लंडात फ्रेडरिक बार्टलेट आला. त्याचं पुस्तक १९३२ चं. त्यानं अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट इंग्रज लोकांना वाचायला दिली आणि पुन्हापुन्हा सांगायला लावली. सांगता सांगता त्या आदिवासींची कनू साधी होडी झाली. जे इंग्रजाला कळेना ते गळून पडलं. म्हणजे आठवण पेटीत घडी घालून ठेवलेली नसते. दरवेळी ती नव्यानं जुळवली जाते, आणि जुळवणारा आपल्या घरचा मालमसाला वापरतो.

१९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, ‘धडाडून आदळल्या’ तेव्हा किती होता? आठवड्यानं पुन्हा विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममधे काच फुटलीच नव्हती. ‘लागल्या’वाल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले. ‘आदळल्या’वाल्या ५० पैकी १६. एका शब्दानं एवढी काच फोडली!

कागदवाला हे वाचून खूश होईल. म्हणेल, बघा, तुमचे म्हातारे असेच. पण बाबा रे, मेंदू सगळ्यांना सारखाच आहे. पंचनामा लिहिणारा जमादार, नोंद करणारा तलाठी, जबानी घेणारा साहेब, हेही माणसंच. त्यांची आठवणही चुकते, फक्त तिच्यावर शिक्का बसतो. आणि सवाल कुठल्या शब्दात विचारायचा ते त्यांच्याच हातात असतं. ‘मारहाण झाली का’ असं विचारायचं की ‘बाचाबाची झाली का’ असं, हे कोण ठरवतं?

मात्र ही सुरी आपल्यालाही कापते. आपला कार्यकर्ता म्हातारीपुढं वही घेऊन बसतो नि विचारतो, “आजी, किती छळलं तुम्हाला?” त्याला हवी ती काच तिथं फुटणारच. जुलमाला मसाला लागत नाही. होता तसा सांगितला तरी पुरे आहे.

आता इटलीतली गोष्ट ऐका, कामगारांची आहे. तेर्नी हे पोलाद कारखान्याचं गाव. १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराच्या विरोधात कामगार रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीनं लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा कामगार मेला. पुढं अलेस्सांद्रो पोर्तेल्ली हा अभ्यासक म्हाताऱ्या कामगारांना भेटला. त्यातले बरेच जण सांगायला लागले की त्रास्तुल्ली १९५३ साली मेला, कारखान्यातून दोन हजारांवर माणसं काढली तेव्हाच्या लढ्यात. सरळ चूक. पण पोर्तेल्लीनं ती खोडली नाही, झाकलीही नाही. त्यानं विचारलं, एवढी माणसं एकाच बाजूला का चुकली? आपला माणूस मेला आणि आपण काहीच उत्तर दिलं नाही, हे त्यांना सोसत नव्हतं. म्हणून आठवणीनं त्याचं मरण उचलून मोठ्या लढ्यात नेऊन ठेवलं. तारीख चुकली, पण सल कुठं होता ते त्या चुकीनंच दाखवलं.

आमचा आजा मुंबईच्या गिरणीत साच्यावर होता. तो शपथेवर सांगायचा, संप सुरू झाला त्या दिवशी धो धो पाऊस होता. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. जानेवारीत मुंबईत कुठला धो धो पाऊस? पण आजीला विचारलं तर ती म्हणते, पहिले महिने उधारीवर निभावले, पावसाळा लागला तेव्हा पिठाचा डबा रिकामा झाला. आज्याचा संप तिथून सुरू होतो. दोन्ही गोष्टी मी वहीत शेजारी शेजारी लिहिल्यात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कधी घडलं ते कागदात सापडलं तर कागदातून घ्या, पण कागदही तपासा. काय भोगलं ते भोगणाऱ्याकडून घ्या. दोन्ही जुळत नसतील तर जुळवू नका. म्हाताऱ्याचं साल गुपचूप दुरुस्त करून छापणं ही लबाडी आहे. चूक ठाऊक असून तेच साल भाषणात ठोकणं, हीही लबाडीच. आपल्याला हजारो वर्षं खोट्या पोथ्यांनी मारलं. त्या पोथ्यांना उत्तर म्हणून आपणही पोथीच लिहायची काय?

साच्यावर धागा तुटला की सांधावा लागतो, आणि सांधा हाताला लागतो. लागू द्या. वह्या घ्या, म्हातारी माणसं आहेत तोवर जा. सवाल कमी विचारा, ऐका जास्त. आणि कुणी काय सांगितलं, कुणी काय विचारलं, दोन्ही लिहा.