पोकेमॉनमधली मादी आणि अटॅकचा आकडा

समाजमाध्यमांवर स्त्री-पुरुषांवरून वाद पेटला की हल्ली कुणी ना कुणी पोकेमॉनला साक्षीला उभं करतं. एक जण नर पिकाचू आणि मादी पिकाचूचं चित्र टाकून विचारतो की लहान मुलांच्या गेमला कळतं ते तुम्हाला कसं कळत नाही. दुसरा म्यूटू नाहीतर पोरिगॉन पुढे करतो: हे बघा, ना नर ना मादी, म्हणजे आमच्यासारख्यांना या जगात पहिल्यापासून जागा आहे. तिसरा जुने आकडे काढून दाखवतो की १९९९च्या गेममध्ये माद्या नरांपेक्षा कमजोर होत्या, म्हणजे कंपनीने मुलींना ठरवून कमी लेखलं. तिघांनाही गेमने काहीतरी ‘म्हटलेलं’ हवं आहे. त्यातले पहिले दोघे साफ चुकतात. तिसरा चुकतो, पण त्याचं बोट खऱ्या दुखण्याच्या अगदी जवळ पडतं, म्हणून त्याच्याशीच नीट बोललं पाहिजे.

सुरुवातीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे पकडणारे, या गेमचे कर्ते सातोशी ताजिरी, केन सुगिमोरींची चित्रं, २७ फेब्रुवारी १९९६ला जपानात आलेले रेड आणि ग्रीन, १५१ प्राणी. या पहिल्या गेममध्ये लिंग नव्हतंच. अपवाद फक्त निडोरानचा, आणि तिथेही नर निडोरान आणि मादी निडोरान या दोन स्वतंत्र प्रजाती होत्या; एकीची परिणती निडोक्वीनमध्ये, दुसऱ्याची निडोकिंगमध्ये. त्या जोडीचे आकडे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. राजाचा मूळ अटॅक ९२, राणीचा ८२. राणीचा डिफेन्स ८७, राजाचा ७७, आणि सहनशक्तीही राणीचीच जास्त. मारणारा तो, सोसणारी ती. याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

नोव्हेंबर १९९९मध्ये गोल्ड आणि सिल्व्हर आले आणि त्यांच्यासोबत अंडी आली. पाळणाघर चालवणाऱ्या म्हातारा-म्हातारीकडे दोन प्राणी ठेवायचे, थोडं चालून यायचं, की अंडं मिळालेलं असायचं. ते कसं आलं हे त्या दोघांनाही सांगता यायचं नाही. अंड्यातून निघणारं पिल्लू आईच्या प्रजातीचं. त्यामुळे प्रत्येक प्राणी नर की मादी हे ठरवणं भाग पडलं. सगळी गफलत इथूनच सुरू होते, म्हणून जरा थांबतो.

त्या काळच्या प्रत्येक पोकेमॉनच्या नोंदीत चार छोटे आकडे असत: अटॅक, डिफेन्स, स्पीड आणि स्पेशल. प्रत्येक ० ते १५. प्राणी समोर येतो तेव्हाच ते पडलेले असत आणि पुढे कधी बदलत नसत. एकाच जातीचे दोन प्राणी थोडे वेगळे निपजावेत एवढाच त्यांचा उद्देश. गोल्ड-सिल्व्हरने नर-मादी ठरवण्यासाठी यातला अटॅकचा आकडा घेतला. ज्या प्रजातीत नर-मादी समसमान, तिथे ० ते ७ मादी आणि ८ ते १५ नर. सुरुवातीला मिळणारे तीन प्राणी, म्हणजे चिकोरिटा, सिंडाक्विल आणि टोटोडाइल, यांच्यात सात नरांमागे एक मादी. तिथे अटॅकचा आकडा ० किंवा १ पडला तरच मादी.

टोटोडाइलचा फेरॅलिगेटर झाला, शंभराव्या लेव्हलला पोचला, त्याच्यावर घेता येईल तेवढी मेहनत घेतली, तर नराचा अटॅक ३०८ पर्यंत जातो. मादीचा २८० च्या वर जाऊच शकत नाही. अठ्ठावीस गुणांची ही तूट कुठल्याही सरावाने भरून निघत नाही, कारण तूट आहे म्हणूनच ती मादी आहे. शायनी, म्हणजे दुर्मीळ रंगाच्या प्राण्यांची कथाही तशीच. रंगही याच चार आकड्यांवरून ठरे आणि त्यासाठी अटॅक किमान २ लागे. म्हणजे त्या गेममध्ये दुर्मीळ रंगाची मादी चिकोरिटा सापडणं अशक्यच होतं. क्रोधाच्या सरोवरातला तो प्रसिद्ध लाल ग्यारडॉस प्रत्येकाच्या गेममध्ये नरच निघे, त्याचंही कारण त्याला ठरवून दिलेला अटॅकचा आकडा.

एवढं वाचून संताप येणं स्वाभाविक आहे. पण त्याच गेममधल्या व्हिटनी या प्रतिस्पर्धी मुलीची मिलटँक आठवा. गोल्डनरॉड शहरातल्या त्या गाईने किती मुलांना रडवलं याची गणती नाही. तिच्यावर ही तूट कशी नाही? कारण मिलटँक या प्रजातीत नर नाहीतच. तिथे वाटणी करायची नसल्याने अटॅकचे ० ते १५ सगळे आकडे मादीचेच. कंगासखान, जिंक्स, चॅन्सी यांचंही तेच. दर चारांत तीन माद्या असलेल्या जातींत मादीचा आकडा अकरापर्यंत चढतो. म्हणजे त्या गेममध्ये ‘मादी कमजोर’ असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. त्या जातीत नर किती, यावर मादीच्या बळाची मर्यादा ठरत होती. बळ आधी, लिंग नंतर, असा तो उलटा क्रम होता.

मग इतकी विचित्र पद्धत कशासाठी? गोल्ड-सिल्व्हरला नवी नोंद ठेवायला जागाच नव्हती, हे नेहमीचं उत्तर पुरत नाही. प्राण्याचा मालकाबद्दलचा जिव्हाळा, त्याच्या हातातली वस्तू, त्याला झालेला विषाणू, हे सगळं नव्या गेममध्ये नोंदलं जातच होतं. खरी अडचण जुन्या गेमशी जोडणाऱ्या तारेची होती. टाइम कॅप्सूलची सोय होती. १९९६च्या रेडमध्ये पकडलेला प्राणी गोल्डमध्ये आणता येई आणि परत पाठवताही येई. रेडच्या नोंदवहीत लिंगाचा रकानाच छापलेला नव्हता. जिव्हाळा वाटेत पुसला गेला तर तो पुन्हा जमवता येतो; पण गोल्डमध्ये मादी असलेला प्राणी रेडला जाऊन परतल्यावर नर निघाला तर सगळं जगच खोटं पडतं. तेव्हा दोन्ही गेममध्ये जसंच्या तसं टिकेल असं काहीतरी हवं होतं, आणि तसे हे चारच आकडे होते. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. लिंग ही कल्पना गेममध्ये नव्हती तेव्हा पकडलेला जवळपास प्रत्येक प्राणी तीन वर्षांनी मागे वळून नर किंवा मादी ठरला. त्याचं लिंग त्याच्या अटॅकमध्ये दडून राहिलं होतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

इथपर्यंत मी कंपनीच्या बाजूने बोलतो आहे. यापुढे नाही. जुन्या आकड्यांतला एखादा उसना घेणं भाग होतं, हे मान्य. पण तो अटॅकचाच का? डिफेन्स होता, स्पीड होता, स्पेशल होता. आणि अटॅकच घ्यायचा होता तर खालची बाजू मादीची का? आठच्या वरच्या माद्या आणि खालचे नर असं लिहायला एक अक्षरही जास्त लागलं नसतं. तांत्रिक गरज एवढंच सांगते की रेघ ओढावी लागेल. ती कुठल्या आकड्यावर ओढायची आणि तिच्या खाली कोण, हे गरज सांगत नाही. ते कुणीतरी ठरवलं. ठरवताना दुष्टावा होता असं मला वाटत नाही. बहुधा थांबून विचारच केला गेला नाही. आपल्या डोक्यातल्या समजुती उघड्या पडतात त्या अशाच ठिकाणी, जिथे दोन्ही पर्याय सारख्याच कष्टाचे असतात आणि आपला हात न विचारता एकाकडे जातो.

आता २००२. रुबी आणि सफायर आले आणि नर-मादीतली अटॅकची तूट एका रात्रीत संपली. इतिहास सांगणारे इथे हमखास टाळ्या वाजवतात: चूक सुधारली, समता आली. माझ्या मते हे वाचन १९९९च्या वाचनाइतकंच चुकीचं आहे. रुबी-सफायरने जुन्या गेमशी नातंच तोडलं; रेड किंवा गोल्डमधला प्राणी त्यात येऊ शकत नव्हता. मागचं ओझं उतरलं तशी उसनवारीही संपली. प्रत्येक प्राण्याला जन्मतःच बत्तीस बिटांचा एक मोठा आकडा मिळू लागला. त्यावरून त्याचा स्वभाव ठरे, स्पिंडाच्या अंगावर ठिपके कुठे पडतील ते ठरे, वर्मपल अळी कुठल्या कोशात जाईल ते ठरे, आणि त्याच आकड्याच्या शेवटच्या आठ बिटांवरून लिंग ठरे. हा आकडा कुणाचं बळ मोजत नाही. कोण चांगला, कोण वाईट, हे त्यावरून कळत नाही.

समतेचा विचार कुणी केल्याचं यात काही दिसत नाही. तरी या मालिकेतली सर्वांत मोठी वैचारिक घटना मी हीच मानतो. आजवर लिंग कशाच्या तरी आधारावर उभं होतं, आता ते कशाच्याच आधारावर उरलं नाही. अमुक मादी आहे एवढं कळल्यावर तिच्याबद्दल आणखी काहीही अनुमान काढता येईना. याचा परिणाम लोक विसरतात: इथून पुढे नर-मादीत जो जो फरक दिसेल, तो कुणीतरी बसून, विचार करून, त्या प्रजातीपुरता मुद्दाम घातलेला असेल.

मधल्या काळातली अझुरिलची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेवटच्या आठ बिटांचा आकडा ० ते २५५ मध्ये कुठेही पडतो. अझुरिलमध्ये चारांत तीन माद्या, म्हणून १९१च्या खालचे सगळे मादी. तिची मॅरिल होते तेव्हा प्रजात बदलते, मॅरिलमध्ये नर-मादी समसमान, आणि तिथली रेघ १२७वर. म्हणजे ज्या अझुरिलचा आकडा १२७ ते १९०च्या दरम्यान पडला, ती झोपताना मादी आणि उठताना नर. अझुरिल माद्यांपैकी साधारण एक तृतीयांशांच्या नशिबी हे होतं. २०१३च्या एक्स आणि वायपासून लिंग त्या मोठ्या आकड्यापासून सुटं झालं, तेव्हा हे थांबलं. काही जण याला बग म्हणून हसतात, काही जण त्यात आपलं प्रतिबिंब पाहतात. प्रतिबिंब पाहणाऱ्यांचं मन मला समजतं. पण तिथे घडलं ते असं की प्राण्याचा आकडा जिथल्या तिथे राहिला आणि रेघ हलली. माणसांच्या जगातही कित्येकदा असंच होतं. लिंगाच्या वादात अझुरिलला साक्षीला आणायचंच असेल तर तिची साक्ष ही आहे.

म्यूटू आणि पोरिगॉनवर अडकून राहायची गरज नाही. लिंगहीन या गटात मॅग्नेमाइटसारखी यंत्रं आहेत आणि दंतकथांतले बहुतेक महाप्राणीही आहेत. यंत्रांना डिट्टो या रूप बदलणाऱ्या प्राण्याशिवाय अंडं होत नाही, महाप्राण्यांना बहुधा मुळीच होत नाही, म्हणजे त्यांची पैदास करून कुणी जग भरून टाकू शकत नाही. हा पुरवठ्याचा बंदोबस्त आहे, ओळखीचा प्रश्न त्यात कुणी सोडवायला घेतलेला नाही. तसंच पिकाचूच्या शेपटीचं. मादीच्या शेपटीला बदामाचा आकार २००६च्या डायमंड-पर्लपासून आला; खेळात त्याने काहीही फरक पडत नाही.

फरक पडतो तो पुढच्या निवडींनी. कॉम्बी या मधमाशीची मादीच तेवढी राणी होते, सॅलँडिट या सरड्याची मादीच तेवढी पुढे जाते. दोन्ही जातींत सात नरांमागे एक मादी, आणि नर आयुष्यभर तिथेच राहतो. या निवडी मला आवडतात. त्यांत किडे न्याहाळत बसणाऱ्या मुलाची नजर आहे, आणि मधमाश्यांचं राज्य कुणाचं असतं याची जाणीव आहे.

पण २०१९ पासून आणखी एक प्रकार सुरू झाला आहे आणि त्याची चर्चा जवळपास होत नाही. आता काही प्रजातींत नराचे आणि मादीचे मूळ आकडेच वेगळे छापले जातात. अशा प्रजाती तीन. इंडीडी: नराचा अटॅक ६५, मादीचा ५५. बास्क्युलेजियन: नराचा ११२, मादीचा ९२. ऑइंकोलॉन: नराचा १००, मादीचा ९०. मादीला भरपाई मिळते, पण ती इतरत्र: इंडीडीला डिफेन्स आणि सहनशक्ती, बास्क्युलेजियनला स्पेशल अटॅक, ऑइंकोलॉनला स्पेशल डिफेन्स. बेरीज तिन्हींत समान ठेवली आहे, म्हणून अन्याय झाला असं कुणाला वाटत नाही. पण तिन्ही वेळा अंगाचा मार नराच्याच वाट्याला गेला, १९९६मधल्या निडोकिंगसारखा. १९९९च्या लोकांना तारेची अडचण होती, टाइम कॅप्सूल होती, रकाना नव्हता. आज जागेची ददात नाही, जुन्या गेमचं ओझं नाही, आणि प्रत्येक आकडा कुणीतरी टेबलाशी बसून निवडतो. चौथी अशी प्रजाती काढताना मादीला अटॅक देऊन पाहायला त्यांना कुणाचीही आडकाठी नाही, आणि ज्यांना पोकेमॉनवरून भांडायचंच आहे त्यांनी कंपनीला हे विचारावं.