पाडलेल्या किल्ल्याचे वाचन

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, केल्सोजवळ, ट्वीड आणि टेव्हियट या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर रॉक्सबरोचा किल्ला होता. आज तेथे भिंतींचे काही तुकडे आणि गवताखाली गेलेले बांध आहेत. त्याच्या आश्रयाने वाढलेले व्यापारी नगर तर जमिनीवर दिसतच नाही. भग्नावशेषांविषयी लिहिताना आपण सवयीने ‘काळाने गिळले’ असे म्हणतो. ही शब्दयोजना सोयीची असते, कारण तीत माणूस कर्ता नसतो. रॉक्सबरोच्या बाबतीत कर्ता निश्चित आहे. हा किल्ला स्कॉट लोकांनीच पाडला, आणि तोही दोनदा.

फेब्रुवारी १३१४ मध्ये जेम्स डग्लसच्या माणसांनी रात्री शिड्या लावून तो इंग्रजांकडून घेतला आणि रॉबर्ट ब्रूसने तो राखण्याऐवजी मोडून टाकला. राखण्यास फौज नसेल तर तट म्हणजे शत्रूसाठी ठेवलेला आयता आसराच होय, हे त्यामागचे तर्कशास्त्र. (ब्रूसच्या बहिणीला, मेरीला, इंग्रज राजाने १३०६ मध्ये याच किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडले होते, तरीही या कृतीला सूड म्हणण्याचा मोह टाळावा, कारण त्याच वर्षी एडिंबरोचा किल्लाही असाच पाडला गेला.) पुढे किल्ला इंग्रजांनी पुन्हा उभारला. १४६० मध्ये राजा दुसरा जेम्स याने वेढा घातला. ३ ऑगस्टला त्याचीच तोफ फुटून तो ठार झाला. वेढा उठला नाही. किल्ला पडला, आणि विजेत्यांनी तो जमीनदोस्त केला.

आपल्याच मालकीची वास्तू नष्ट करण्याचा अधिकार समाजाला असतो काय? वारशाची आजची नीती ‘नाही’ म्हणेल. परंतु ते उत्तर सुरक्षित काळातले आहे. जतन हे मूल्य शांतता गृहीत धरते. शिवाय येथे एक पेच आहे. हे अवशेष आज कायद्याने संरक्षित आहेत. त्या कायद्याने जपलेली संहिता बांधणाऱ्यांची जितकी, तितकीच पाडणाऱ्यांची आहे. तट पुन्हा उभारला तर १४६० चा निर्णयच पुसला जाईल. अवशेषांत केवळ हरवलेले ‘मूळ’ शोधणारा वाचक हे हमखास विसरतो.

मात्र पाडणाऱ्यांचे तर्कशास्त्रही निर्दोष ठरत नाही. १५४७ मध्ये इंग्रज परत आले आणि त्याच टेकडीवर त्यांनी नवा कोट बांधला. १५५० च्या तहानंतर तोही पाडावा लागला. दगड हलवता आले होते. दोन नद्यांमधली ती मोक्याची जागा मात्र कोणालाच हलवता आली नव्हती.